पायातली घ्या, हातातली नको

भावाचा फोन आला तेव्हा मी कॉलेजातला तास संपवून वर्गाबाहेर पडत होते. "ताई, आई उठूनच नाही राहिली…" एवढंच तो बोलू शकला. नंदनवनात आईच्या घरी पोचले तर आई शांत झोपल्यासारखी, हात पांघरुणाबाहेर. मी त्या हातांकडेच बघत राहिले.

आईचे हात कोपरापर्यंत गुळगुळीत होते, लांब रोटीमुळे. सैल कणीक परातीत आपटायची, गोळा दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत लांबवायचा आणि चुलीवरच्या पालथ्या मडक्यावर टाकायचा. जाळाने हातावर लव म्हणून राहू दिली नाही. पारशिवनीकडून लग्न होऊन आलेल्या या बाईने लोकांच्या लग्नांत रोट्या केल्या आणि मला एम.ए. केलं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. मी हे मिरवते. आई तर माझ्याहून जास्त मिरवायची.

काही वर्षांपूर्वी तिला जिना चढताना धाप लागू लागली. अँजिओग्राफीत तीन रक्तवाहिन्या तुंबलेल्या निघाल्या. धंतोलीतल्या डॉक्टरांनी कागदावर हृदय काढून समजावलं. स्टेंट टाकता येतील, लवकर घरी जाल. पण शुगर आहे, तिन्ही वाहिन्या खराब आहेत, तेव्हा बायपास जास्त टिकेल. मात्र छातीचं हाड कापावं लागेल आणि ते जुळेपर्यंत दोन-तीन महिने ना वजन उचलायचं, ना हात ताणायचे. आईने तिथल्या तिथे स्टेंट निवडलं. लग्नसराई तोंडावर होती. भाऊही तिच्याच बाजूने. आईची छाती कापायची, हे त्याला ऐकवत नव्हतं. मी बायपासवर अडून बसले.

"काहून इतकी हट्टी झाली वं तू?" बाहेरच्या बाकावर आई कुरकुरली. "रोट्या करून तुले शिकवलं, अन तू मलेच घरी बसवून ठेवते?"

"तीन महिने बस आई. मग कितीतरी वर्षं कर."

"अन टेबलावरच गेली तं?"

पुस्तकं वाचून याचं उत्तर मिळत नाही. मी तिचा हात धरून बसले. मग तीच उठली, "चाल, त्याले एक विचारायचं हाये," म्हणाली आणि आत गेली. बायपासला नवी नस कुठून आणता, असं तिने विचारलं. पायातून, डॉक्टर म्हणाले, आणि एखादी हातातूनही घेता येते. आईने झटक्यात दोन्ही हात पदराखाली घेतले.

"पायातली घ्या साहेब, पाहिजे तेवढी. हातातली नको. रोटी काय मी पायानं करू?"

डॉक्टर हसले, भाऊ हसला. मी नाही हसले. तिने बायपासला होकार दिला होता, ते माझ्या लक्षात आलं होतं.

ऑपरेशनात डॉक्टरांनी आईचे हात तसेच ठेवले, नस पायातलीच घेतली. पुढचे महिने आई स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसायची आणि कणीक माझ्या हातांवर फाटायची. "हे रोटी हाये का रुमाल वं? एम.ए.त हेच शिकवलं?" आणि हसताना घाईने उशी छातीशी धरायची. खोकताना, हसताना हाडाला आधार हवा म्हणून दवाखान्यात शिकवलेलं. उशी तिने आपल्याच जुन्या लुगड्याची शिवली होती. हाड जुळलं, आई पुन्हा मडक्यापाशी उभी राहिली, वर्षं गेली, उशी काही सुटली नाही. टीव्हीवर हसू आलं की उशी, भावाला रागावताना उशी.

"अजून दुखते काय?" मी एकदा विचारलं.

"दुखत नाई वं. बरं वाटते धरलं की."

परवा नंदनवनात गेले होते. उशी तिच्या पलंगावरच आहे, तिने धरून धरून मधोमध दबलेली. भावाने अंथरुणं गच्चीवर उन्हात घालायला काढली होती, त्यात तीही उचलली. मी ती त्याच्या हातातून घेतली. ऊन लागलं की कापूस फुगतो.