कूलरसमोर वाळवलेल्या कुरोड्या

तर काल आपण कूलरपाशी थांबलो होतो. कुरोड्या खाटेवर पसरल्या, खाट कूलरसमोर ओढली आणि बटण दाबलं, इथपर्यंत सांगून झालं होतं. तेवढ्यात लाइट गेली अन् तुम्ही उठून गेलात. कालची गोष्ट ज्यानं ऐकली नाही त्याच्यासाठी थोडं मागून धरतो. शिवाय यातलं एक मी कालही गिळलं होतं.

कुरोड्या माझ्या नव्हत्या, शेजारच्या कौशल्यावहिनींच्या होत्या. माझा मित्र किसनराव, त्याची ही बायको. तो जाऊन अकरा वर्षं झाली. उन्हाळा लागला की वहिनी गहू तीन दिवस भिजवतात, वाटतात, त्याचा चीक शिजवतात अन् साच्यातून गच्चीवर जुन्या धोतरावर पाडतात. अल्लीपुरात हे घरोघरी चालतं. पण वहिनींची कुरोडी दोन वर्षं डब्यात राहिली तरी तळल्यावर कढईत मावत नाही. बाई प्रत्येक घाण्यातली एक कुरोडी उचलतात, कानाशी नेऊन मोडतात. कट् वाजली तर डब्यात. मट् वाजली तर पुन्हा उन्हात. मग डब्यात नाक घालून एक लांब श्वास.

ते नाक म्हणजे गावाला एक तापच. एका लग्नात त्यांनी पनीरची वाटी नाकाजवळ नेली अन् न बोलता बाजूला सारली. आमची अख्खी पंगत पनीर सोडून उठली. वधूपित्यानं वर्षभर बोलणं टाकलं. पनीर खरंच खराब होतं की काय, देव जाणे. सदाशिवराव किराणावाले तर त्यांना लांबून पाहूनच हात जोडतात.

"बाई, नाक घरी ठेवून येत जा न."

"नाक घरी ठेवलं तं तुमचं तेल इथं कोण ओळखन?"

यंदा त्यांच्याकडे पुलगावहून काम आलं. भूपेंद्र नावाचे कापड दुकानदार, त्यांच्या लेकीचं, हर्षाचं लग्न. रुखवतात मांडायला कुरोड्या हव्या होत्या, अन् पाहुण्यांना तळून वाढायलाही. वहिनींना कोण आनंद! डबा घासून दोन दिवस उन्हात ठेवला. पहिला अर्धा माल वाळून डब्यात गेला. दुसरा गच्चीवर दोन दिवस ऊन खाऊन झाला, एका दिवसाचं ऊन बाकी होतं, तर त्यांना डोळे दाखवायला हिंगणघाटला जावं लागलं. मुक्काम बहिणीकडे.

"भाऊजी, आभाळाकडे ध्यान ठेवजा. थेंब दिसला की धोतरासकट उचलजा."

"वहिनी, एप्रिल चालू हाय. अन् हे पाहा, माझ्या मोबाईलात निरा सूर्य दाखवून राह्यला."

"मोबाईल राहू द्या. वर पाहा."

मी काल तुम्हाला सांगितलं की पाऊस अचानक आला. साफ खोटं. मी बंडूजीच्या पानठेल्यावर बसलो होतो, वहिनींच्या घरापासून पन्नास पावलांवर. केळझरच्या जत्रेची गोष्ट रंगात आली होती. बंडी उताराला लागली, बैल उधळले, अन् आता चाक निखळणार, तोच माझ्या हातावर एक थेंब पडला. मग दुसरा. दोन्ही मला कळले. पण चाकच तेवढं राहिलं होतं हो! चार माणसं तोंडाकडे पाहत होती. मी चाक निखळवलं, ते घरंगळत नाल्यापर्यंत नेलं, लोकांना हसू दिलं, अन् मग उठलो. तोवर गारा सुरू झाल्या होत्या.

बाकीचं तुम्हाला ठाऊक आहे. भिजल्या कुरोड्या मी माझ्या घरी आणल्या. दुसऱ्या दिवशीही उन्हाचं नाव नाही. माझी मंडळी, कमलाबाई, लेकीकडे गेली होती, नाहीतर तिनंच माझा कान धरला असता. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. वाऱ्यानं ओलावा उडतो, हे आमच्या गुरुजींनी फळ्यावर लिहून दिलं होतं. म्हणून कूलर लावला, चांगला दिवसभर. वाऱ्यातच पाणी असलं तर काय होतं, ते काही फळ्यावर नव्हतं. संध्याकाळी एक कुरोडी कानाशी मोडली. मट् वाजली. मी मनाशी म्हटलं, म्हातारा झालास, कानाचा दोष असेल. दुसरी मोडून पाहिलीच नाही. वहिनींच्या डब्यातल्या चांगल्या कुरोड्या बाहेर काढल्या, ह्या कूलरवाल्या तळाशी घातल्या, पुन्हा वर चांगल्या रचल्या.

वहिनी भिजतच परतल्या. दोन दिवसांच्या अवकाळीनं त्यांना अशी सर्दी झाली की नाक ठार बंद.

"कुरोड्या?"

"थेंब पडाच्या आधीच उचलल्या. वाळवून भरूनही ठेवल्या."

त्यांनी वरची एक उचलून मोडली. कट्. डब्यात नाक घातलं, पण काय कळणार? झाकण लावलं अन् अख्ख्या गल्लीत सांगत सुटल्या की भाऊजीनं माल वाचवला. मला आलं घातलेला चहा मिळू लागला, रोज दुपारी. प्रत्येक कपाला वाटे, आज सांगून टाकू. तोंड उघडलं की दुसरीच गोष्ट बाहेर पडे. पाचव्या दिवशी डबा पुलगावला गेला. बसच्या टपावर तो मीच चढवून दिला, दोरीनं बांधून.

आठवड्यानं फोन आला. मी चहाच पीत होतो. फोनवर आनंदाबाई, नवरीची आजी.

"बाई, राग नका मानू. मांडाच्या आधी म्हटलं पाहून घ्यावं, तं खालून कुबट वास येऊन राह्यला. तळली तं फुललीच नाही, लाल पडली. लोकं येतीन जेवाले, भेव वाटते हो."

वहिनींनी फोन या कानाचा त्या कानाला नेला. "कोणी खाल्ली तं नाही न?"

"नाही, नाही."

"एकही खाऊ नका. सारं फेकून द्या, गाईलेही घालू नका. माझं नाक बंद होतं, बाई. माझ्याच हातून झालं. लग्नाले अजून बारा दिवस हायेत, दुसऱ्या करून देतो."

फोन ठेवून त्या साच्याकडे पाहत बसल्या. पितळी साचा, किसनरावनं आणलेला.

"ह्या एवढ्या करून देतो, भाऊजी, अन् मग बंद. सर्दी गेली तरी नाक पयल्यासारखं नाही राह्यलं. लोकाच्या लेकराच्या पोटात काही गेलं असतं तं? नाकावर भरोसा नसंल तं हे काम कराव नाही."

मी कप खाली ठेवला. त्र्याहत्तर वर्षांत हजार गोष्टी सांगितल्या, पण एवढी आखूड एकही नाही. थेंब सांगितले, दोन्ही. चाक सांगितलं. कूलर सांगितला, मट् सांगितली, तळाशी काय घातलं ते सांगितलं. तुमच्या नाकाला काही झालं नाही, वहिनी, म्हटलं, मीच तुमचं नाक कापलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या उठल्या, कोठीतून गव्हाचं पोतं ओढत आणलं, सूप माझ्या पुढ्यात टाकलं, अन् म्हणाल्या:

"ते चाक मी चाळीस डाव निखळताना आयकलं, भाऊजी. एक डाव राह्यलं असतं बंडीलेच, तं काय बिघडलं असतं? घ्या, गहू निवडा. आज भिजू घालतो. गच्चीवर तुम्हीच बसान, मोबाईल खाली ठेवून. अन् कोणी वर आलं तं गोष्ट सांगाची नाही, केळझरची तं नाहीच. होते काय एवढं तुमच्यानं?"