शेवंताकाकूची चाल

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. वकिलालाही नाही — त्याने विचारलंच कुठे, त्याला फक्त जिंकायचं होतं. पण शेवंताकाकू गेली आणि तेव्हापासून हे मनात ठेववत नाही. कुणाला सांगू? तुम्हालाच सांगतो.

मी मालिकांना संगीत देतो. आचोळ्याला छोटा स्टुडिओ आहे. माझं एकच गाणं गाजलं — लेकीला सासरी धाडतानाचं. हळदीला, वरातीला, रिक्षात, जिथे तिथे वाजलं. मग भुईगावहून चुलतबहीण हेमांगीचा फोन आला: ही चाल आईची आहे, तिचं नाव घाल. मी उडवून लावलं. तिने गाणं काढणाऱ्या कंपनीला नोटीस धाडली.

आमच्याकडे मांडवाच्या दिवशी बायका गाणी म्हणतात. कुणी केलं, हे कुणी विचारत नाही. एखादं जमलं की पुढच्या लग्नात शेजारीण म्हणते, आणि बघता बघता ते सगळ्यांच्या आजीचं होतं. मी त्याचाच फायदा घेतला. मोबाइल घेऊन गावातल्या म्हाताऱ्यांकडे गेलो, गोड गोड बोललो, त्यांचं बोलणं रेकॉर्ड केलं. त्या खोटं बोलल्या नाहीत हो. हे गाणं लहानपणापासून ऐकतोय, असं त्यांना खरंच वाटत होतं. वकील खूश. लोकगीतावर कुणा एकीचा हक्क कसला?

पण मला ठाऊक होतं — कसं नसणार? हेमांगीच्या लग्नाआधी काकू वाडीत सोनचाफा खुडत होती. मी तेव्हा पेटी शिकत होतो, तिथेच बसलो होतो. ती दोनच ओळी घोळवत होती. दुसरी ओळ खालच्या सुरात आली की तिला रडू फुटायचं, म्हणून तिने ती वर नेली — माझ्यासमोर. लोकांना तीच जागा तर आवडली.

गावात कुजबुज सुरू झाली, काकूला म्हातारपणी हाव सुटली म्हणून. बायका तिच्याशी तुटक वागू लागल्या. शेवटी तिनेच मला बोलावून घेतलं. हेमांगी समोरच बसली होती.

“बाबू, त्या दिसा तू वाडीत व्हतास ना? मीच केलेला ना रे ता गाना? का मनाच उगा वाटते?”

भांडली असती, शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं. ती विचारत होती — विश्वासाने. साक्षीला मी एकटा. हो म्हणायला काय लागतं? माझं नाव जाईल, कामं जातील, एवढंच डोक्यात आलं.

“जुनंच आहे ते, काकू,” मी म्हणालो.

तिने मान हलवली. हेमांगीला म्हणाली, नोटीस मागे घे, मलाच भास झाला. वर मला चहा दिला. मी तो प्यालो, निर्लज्जासारखा.

पुढे नातीच्या लग्नात बायकांनी तिला मधे बसवलं, काहीतरी नवीन म्हण म्हणून फार आग्रह केला. मी मांडवातच होतो. काकू हसून म्हणाली, तिला गाणी करता येत नाहीत — नुसतं वाटायचं तसं.