हळदीतलं गाणं आणि दिगूभाऊ

मोशीत कुणाचीही हळद असो, आमंत्रण असो वा नसो, दिगूभाऊ मांडवाबाहेर स्पीकरच्या भिंतीजवळ उभा दिसायचा. ठरावीक एक गाणं वाजून झालं की चालता व्हायचा, जेवायलाही थांबायचा नाही. सोसायट्यांत नव्याने आलेली माणसं त्याला खुळा समजायची. समजोत बापडी.

मी त्याचा शेजारी. माणूस मूळचा बीडकडचा. चाकण रस्त्याला त्याचं गाणी भरून द्यायचं दुकान होतं; आधी कॅसेटी, मग नेट आल्यावर मेमरी कार्डं. शिफ्ट सुटली की कंपनीतली पोरं रांग लावायची आणि हा नेटवरून फुकट उतरवलेली गाणी त्यांच्या कार्डात ओतायचा. ज्यांनी गायलं त्यांना काय मिळतं, असं मी एकदा विचारलं, तर हसला. "फुकटच्या गाण्याला धनी नसतो, राव." हे त्याचं लाडकं वाक्य.

पुतणीच्या हळदीत त्याच्या बायकोने गाणं म्हटलं, ते याने मोबाइलवर घेतलं. पुढे ती आजारपणात गेली. दुकानात रोज कानावर पडावं म्हणून त्याने ते लग्नाच्या गाण्यांतच ठेवलं आणि तिथेच घात झाला. घाईत तो सगळी गाणी एकदम उचलून कार्डात टाकायचा, त्यांत तेही जात राहिलं. कुणीतरी ते नेटवर चढवलं, कुणी त्याला ढोल जोडले. बघता बघता हळद म्हटली की ते गाणं आलंच.

मग दुकानातला कॉम्प्युटर जळाला; तो मोबाइल तर आधीच बिघडला होता. गाणं नेटवर होतं, पण ढोलवालं. मूळ गाणं संपल्यावर ती दोन शब्द बोलली होती, ते डीजेवाल्याने कापले होते. आणि ती काय बोलली, हे दिगूभाऊला काही केल्या आठवेना. "गाणं समद्यांकडं हाय," तो म्हणायचा, "बोलणं कुणाकडंच न्हाई." तोवर गाणी थेट फोनवर वाजू लागली होती. दुकान बंद पडलं, जुनी कार्डं कचऱ्यात गेली. हा रिक्षावाल्यांना, भंगारवाल्यांना कार्ड आहे का विचारत हिंडायचा. फार वाईट वाटायचं.

शेवटी कासारवाडीच्या मेहबूबभाई मेकॅनिकला एका जुन्या टेम्पोच्या टेपमध्ये कार्ड सापडलं. ते घेऊन दिगूभाऊ माझ्याकडे आला. मी फोनमध्ये घालून लावलं. नुसता आवाज, ढोल नाहीत. गाणं संपलं, ती हसली आणि म्हणाली, "अहो, माझं कशाला भरताय? हे कोण ऐकणार हाय?"

दिगूभाऊ फोनकडे बघत हळूच म्हणाला, "समदे ऐकत्यात गं. नाव तेवढं कुणाला ठाव न्हाई."

त्याच वर्षी थंडीत तो गेला. आता हळदीत ते गाणं लागलं की मी उठून डीजेवाल्याकडे जातो आणि त्याच्या कानाशी ओरडून सांगतो, अरे, या बाईचं नाव शालन होतं. तो हो काका म्हणतो आणि आवाज वाढवतो.