धुरे मोडलेल्या शेतातलं विमान

लाखनीला एसटीतून उतरलो तेव्हा हायवेवर ट्रकांची रांग होती आणि कडेला मोटरसायकलवर मोरेश्वर. हा माझा हॉस्टेलातला मित्र, आता इथे भातशेती करतो. "विमान बनवलं, पाहाले ये," असं त्याने फोनवर सांगितलं होतं. मी पुण्याहून निघालो, तो हे प्रकरण मोठ्या खेळण्याचं असणार असं धरून.

"यात माणूस बसतो?" मागे बसल्या बसल्या मी विचारलं.

"बसल्याबिगर कसं उडवीन बे?"

मलाही बसवणार की काय, असं मनात आलं. पण सीट एकच आहे असं कळलं आणि जरा बरं वाटलं.

धानाच्या कोठारात विमान उभं होतं. खोक्यांतून सुटे भाग आले होते. नळ्या, बोल्ट, पंखांचं कापड. शेतीची कामं सांभाळून मोरेश्वरने ते जोडलं होतं. उडवायला तो रीतसर शिकला होता, परवानगीही काढली होती. तरी हे खरं आहे यावर माझा विश्वास बसेना.

सुनंदावहिनींनी लाखोळीच्या डाळीचे गरम वडे पुढे ठेवले आणि खरी भानगड सांगितली. धावपट्टीसाठी मोरेश्वरने ओळीने असलेल्या बांधींचे (भाताच्या खाचरांचे) धुरे (बांध) मोडले होते. तिथलं धानाचं एक पीक बुडालं होतं.

"उद्या नाही उडालं तं धुरे परत बांधाचे. कबूल केलं यायनं," वहिनी म्हणाल्या.

"कबूल हाय," मोरेश्वर म्हणाला, पण हातातला वडा त्याने परत ताटात ठेवला.

सकाळी विमान बाहेर काढलं. नवी गाडी असावी तशी वहिनींनी त्याची पूजा केली. हळद-कुंकू, नारळ, अगरबत्ती, सगळं यथासांग. अख्खं गाव लोटलं होतं. इंजिन गरजलं, विमान धुरळा उडवत पळालं आणि मध्येच थांबलं. दुसऱ्यांदाही तेच.

"वेगाचा काटा शून्यावरच हाय!" मोरेश्वर ओरडला. विमान तर डोळ्यांदेखत पळत होतं. मग काटा शून्यावर कसा? मला काहीच उमगेना.

"ब्याटरी उतरली असन," शेजारचे एक काका म्हणाले. बंद करून पुन्हा चालू कर, असा मोबाइलवरचा तोडगा मीही सुचवला. माझ्या अकलेची धाव तेवढीच.

मोरेश्वर घामाघूम होऊन खाली उतरला. "पंखाखालच्या नळीत वारा शिरते, त्याच्यावरून काटा हालते. वेग समजल्याबिगर हवेत गेलो तं मरन. ऱ्हाऊ दे. बांधू धुरे."

त्याचं तोंड पाहवत नव्हतं.

वहिनी पंखाकडे बघत होत्या. "कोनती नळी?" त्यांनी विचारलं. मोरेश्वरने बोट दाखवलं.

"अगा माय! त्या भोकात तं म्या अगरबत्ती खोचली. मले वाटलं, त्याच्यासाठीच ठेवलं हाय."

जळून उरलेली काडी आत मोडून बसली होती, वर ओलं कुंकू. वहिनींनी पदराची पिन काढली आणि काडी स्वतःच अलगद ओढून काढली. मोरेश्वरने नळी पुन्हा पुन्हा तपासली.

"जा आता," वहिनी म्हणाल्या आणि विमानाकडे पाठ फिरवून उभ्या राहिल्या.

इंजिन गरजलं.

"उडालं का, भाऊजी?"

"उडालं, वहिनी!"

"आता कोठं हाय?"

"तळ्यावर. वळतंय."

मला विमान बघावं की वहिनींना, हे समजेना. त्यांनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं. शेवटी चाकं जमिनीला लागली, लोक धावले.

"उतरलं," मी म्हणालो. मगच त्या वळल्या.

निघताना न राहवून विचारलं, "वहिनी, तुम्ही गप्प राहिला असतात तर शेत परत मिळालं असतं."

"अन् मंग जलमभर यायच्या तोंडाकडं कशी पायली असती मी?" एवढं बोलून त्यांनी उरलेल्या वड्यांचा डबा माझ्या हातात दिला.

घरी परतलो. बायकोने वडे खात विचारलं, "कसल्या रंगाचं होतं विमान?"

खूप आठवून पाहिलं. मला आठवत होती ती फक्त पदराची घट्ट मूठ.