मागचं ते झाका

“मागचं ते झाका आधी. बरं दिसत नाही.”

साहेब हे मराठीत म्हणाले. मीटिंग हिंदीत चालली होती. स्क्रीनवर आठ-दहा जण, त्यात मराठी आम्ही दोघंच. म्हणजे अपमान फक्त मला कळावा. बाकीच्यांना वाटावं, साहेब मायेनं काहीतरी सांगताहेत. वा रे वा!

माझ्या मागे काय होतं? भिंत. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. लॉकडाऊन लागलं, ऑफिस घरात आलं. भोपाळच्या सरकारी कारखान्याची टाउनशिप, त्यात आमचं दोन खोल्यांचं क्वार्टर. टेबल लावायला तेवढीच एक भिंत. साहेबांचा बंगला पलीकडे, मोठ्या झाडांच्या रस्त्यावर.

हेच साहेब, पुण्याचे, ऑफिसात रोज दुपारी माझ्या डब्यात हात घालायचे. “वा, वांग्याचं भरीत! परमुलखात आपलं माणूस भेटलं की बरं वाटतं.” माझं आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून त्यांना काही पत्ता लागला नव्हता. मी कशाला सांगू? त्या दिवशी कॅमेऱ्यानं सांगितलं. त्यांची नजर माझ्या डोक्यावरून मागे गेली आणि तिथंच अडकली. इतक्या दिवसांचं भरीत त्याच क्षणी बाधल्यासारखं तोंड झालं.

“सोमवारी बाहेरचे लोक असतील,” ते म्हणाले. “तेव्हा हे नको.”

सोमवारी नव्या यंत्राचं डिझाइन मी मांडणार होते. ते माझं होतं. डोळे फोडून केलेलं. हातचं जाऊ नये म्हणून कपाटातून चादर काढली.

आई दारात उभी होती. याच टाउनशिपमधल्या बंगल्यांचे संडास धुण्यात तिचा जन्म गेला. बंगल्यांना मागून एक दार असतं, ते तिच्यासारख्यांसाठी.

“काय करून राहिली?”

“साहेब म्हणाले, झाका.”

“मी जन्मभर त्यांच्या मागच्या दारानं गेली,” आई म्हणाली. “आता तू आपल्याच घरात मागचं दार काढून राहिली का माय?”

तळपायाची आग मस्तकात गेली. चादर घडी करून परत ठेवली.

सोमवारी कॅमेरा लावला. भिंत तीच. साहेब पुन्हा मराठीत, हळूच: “अहो, काय सांगितलं होतं मी?”

मी हिंदीत उत्तर दिलं. मोठ्यानं.

“सर, हिंदी में कहिए। सब सुन लें, मेरे घर की दीवार पर आपको क्या ढँकवाना है।”

साहेब खोकले. मग म्हणाले, “लगता है मैडम का नेटवर्क ठीक नहीं है।” आणि माझं डिझाइन एका नव्या पोराला वाचायला दिलं. नेटवर्क ठणठणीत होतं. त्याचा प्रत्येक शब्द मला ऐकू आला. माझेच शब्द, तेही चुकीचे वाचलेले. जीव जळत होता, पण कॅमेरा बंद केला नाही. शेवटपर्यंत तिथंच बसले, भिंतीवरच्या त्या दोघांच्या खाली.

ऑफिस पुन्हा उघडलं. साहेब आता आपल्या केबिनमध्ये जेवतात. जेवोत. कॉरिडॉरमध्ये भेटले की आवाज खाली आणून मराठीत विचारतात, “काय, बरं चाललंय ना?”

“जी सर, बोलिए,” मी म्हणते, आजूबाजूची चार टेबलं वळून बघतील अशा आवाजात.

मराठी मी आईशी बोलते. साहेबांना त्या भाषेतून गुपचूप माझ्यापर्यंत येता येणार नाही. जे म्हणायचं ते चारचौघांत म्हणा. उत्तरही चारचौघांतच मिळेल.