पाटी फिरवा

एक पाय वर्गात आणि एक पाय ओसरीवर ठेवून मास्तर शिकवायचे. तोंडाने भूगोल चालू असायचा, पण मान वळलेली असायची बोरीहून जिंतूरला जाणाऱ्या रस्त्याकडे. तुम्ही त्यांना पहिल्यांदा पाहिलं असतं तर वाटलं असतं, या माणसाला कुठेतरी निघायचं आहे आणि त्याची गाडी चुकली आहे. मला तर नुसतं बघूनच धाप लागायची.

खरं म्हणजे त्यांना कुठेच जायचं नव्हतं. कुणी येतंय का, एवढंच ते बघत असत.

निजामाचं राज्य होतं. आमच्या शाळेत हिशेब, भूगोल, तवारीख म्हणजे इतिहास, सगळं उर्दूत शिकवायचं असा हुकूम. मराठीचा दिवसाला एकच तास, तो माझा. म्हणून ते मला ‘पंडितजी’ म्हणत आणि मी त्यांना ‘मास्तर’. अंगात शेरवानी, डोक्यावर गोंड्याची लाल टोपी, आणि बोलणं मात्र अस्सल आमच्याकडचं. घर मराठी, पण बिचाऱ्यांचं स्वतःचं सगळं शिक्षण उर्दूत झालेलं. मराठी बोलायचे झकास, लिहायची वेळ आली की घाम फुटायचा.

एकदा एका पोराने सुगीवरचा उर्दू धडा कुठेही न अडखळता म्हणून दाखवला. मास्तर खूश झाले.

“शाब्बास! कशाबद्दल हाय रे हा धडा?”

“परीक्षेबद्दल,” पोरगं म्हणालं.

मी पोट धरून हसलो. मास्तर हसले नाहीत. मधल्या सुट्टीत त्यांनी भाकरीचं फडकंही सोडलं नाही, अंगणात नुसत्या येरझाऱ्या घातल्या.

“शेतकऱ्याची लेकरं हायत, पंडितजी. ह्यांना सुगी ठाऊक न्हाई व्हय? पण आमी असं शिकवायलोत की ह्यांना सोताचं रान वळखू येईना.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाटीच्या दोन बाजू वाटून टाकल्या. एका बाजूला उर्दू धडा, दुसऱ्या बाजूला तोच मराठीत. शिकवणं सगळं मराठी बाजूवरून. रस्त्यावर धूळ दिसली की दारातून हाळी यायची, “पाटी फिरवा!” आणि वर्गातल्या साऱ्या पाट्या खडखड उलट्या व्हायच्या. पटवाऱ्याचं घोडं दिसलं, फिरवा. लग्नाच्या गाड्या दिसल्या, फिरवा. एकदा धुरळ्यातून म्हैस निघाली. “म्हैस हाय, म्हैस. फिरवा परत,” असं म्हणून मास्तरांनी कपाळ पुसलं.

दिवसभराच्या या खडखडाटाने माझं डोकं उठायचं. मराठी बाजूवर काय लिहायचं ते मास्तर पुन्हा मलाच विचारायला यायचे, आणि मीही मोठ्या ऐटीत सांगायचो. एकदा मी वैतागून म्हणालो, “मास्तर, एक दिवस नोकरी जाईल.”

“जाईल की. म्हणूनच तर दारात उभा हाय.”

आणि मग एक दिवस खरोखरच शाळा तपासणारे मोहतमीम साहेब आले. हाळी वेळेवर गेली. पण एक पोरगा आधीपासूनच उर्दू बाजू गिरवत बसला होता. आज्ञाधारक लेकरू, सगळ्यांनी फिरवली म्हणून त्यानेही फिरवली. साहेबांनी नेमकी तीच पाटी उचलली.

“ये किसने पढ़ाया?”

मी वर्गातच होतो. मराठीचा तास माझा. ‘माझ्या तासातलं आहे, हुजूर,’ एवढं मी म्हटलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलंही. मी माझ्या चपलांकडे पाहत राहिलो.

“मैंने, हुजूर,” मास्तर म्हणाले.

त्यांची बदली पालमच्याही पलीकडे एका आडगावात झाली. दोन वर्षांनी परत आले ते तसेच, चुळबुळे. मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर मला बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा एक पाय आत, एक पाय बाहेर.

पुढे राज्य बदललं. उर्दू पुस्तकं पोत्यात भरली गेली. मास्तर बोडक्या डोक्याने शाळेत आले आणि त्यांनी पोरांना पाटीच्या दोन्ही बाजूंनी मराठी लिहायला लावलं. “आता तरी पाय आत घ्या,” मी म्हणालो. ते लहान मुलासारखे हसले.

महिन्याभरात नवा हुकूम आला. ज्यांचं शिक्षण उर्दूत झालं त्यांनी मराठीची लेखी परीक्षा द्यावी, नापास झाल्यास शिकवणं बंद. पन्नाशीचे मास्तर पाटी घेऊन रोज माझ्या ओट्यावर येऊ लागले. लिहायला बसले की हात आपोआप उजव्या कडेला जायचा. “हात ऐकंना, पंडितजी. लय वर्साची खोड हाय.”

पेपर तपासायला माझ्याकडेच आले. नावं झाकलेली होती, पण ते कललेलं अक्षर मी कुठेही ओळखलं असतं. निबंध सुगीवर होता. खळं, पाखरं, कणसं खुडणाऱ्या बाया, सगळं असं लिहिलेलं की मी हातातली पेन्सिल खाली ठेवली. पण ओळीओळीला फसल, मौसम, मेहनत. नव्या नियमाप्रमाणे असे उर्दू शब्द अशुद्ध. मी पेन्सिल उचलली आणि लाल रेघा मारत गेलो. चार गुण कमी पडले. ते देणं माझ्या हातात होतं. शेजारच्या खोलीत नवे साहेब बसले होते. मी ओळखीच्या माणसाला पास केलं असं ते म्हणतील, ही भीती. पूर्वी मोहतमिमाला भ्यालो, आता यांना. साहेब बदलले, मी तोच राहिलो.

निकालाच्या दिवशी मी शाळेत गेलो तेव्हा मास्तर ओसरीवर बसले होते. रस्त्याकडे पाठ करून, दोन्ही हात मांडीवर ठेवून, अगदी स्वस्थ. इतक्या वर्षांत त्यांना असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. पेपर कुणी तपासले ते त्यांना ठाऊक होतं.

“मास्तर, मी...”

“बसा, पंडितजी,” ते म्हणाले. “आता कुणी यायलं न्हाई.”

मी बसू शकलो नाही. दुसऱ्या दिवशी ते गाव सोडून गेले. कुठे गेले ते मी विचारलं नाही, विचारायला तोंड नव्हतं.

त्यांचा वर्ग माझ्याकडे आला. मी शिकवायला उभा राहतो तो दारातच, एक पाय आत आणि एक पाय बाहेर. बोरीच्या रस्त्यावर धूळ उठली की माझा धडा मध्येच थांबतो. पोरं पाट्या धरून माझ्या तोंडाकडे बघतात, आणि मी रस्त्याकडे.