अण्णांच्या दवाखान्यातली उमेदवारी

दवाखान्यात रिकाम्या बाटल्या साठतात ना, तसे हे किस्से साठतात. टाकवत नाहीत आणि ठेवायचे कुठे तेही कळत नाही. हल्ली चार जण जमले की मी आपणहून अण्णांवर येतो आणि घरचे हळूच उठून जातात!

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. बेळगावात, शहापूरला अण्णांचा दवाखाना होता. मेडिकल स्कूलातून बाहेर पडलेली आमच्यासारखी पोरं त्यांच्याकडे वर्षभर उमेदवारी करत. रोग आम्हाला पुस्तकातून पाठ होते, पण प्रॅक्टिस कशी करतात ते ठाऊक नव्हतं. त्या वर्षी आम्ही दोघं होतो, मी आणि बैलहोंगलचा शिवलिंग. मला माझ्या गावात, निपाणीत, स्वतःची पाटी लावायची होती. तिथे दोन जुने डॉक्टर जम बसवून होते. रोज एकदा तरी मी विचारायचो, "अण्णा, निपाणीत माझं चालेल का हो?"

अण्णा म्हणायचे, "आधी हात धू."

* * *

पहिल्याच दिवशी अनगोळच्या एका म्हाताऱ्याने बसल्या बसल्या हात पुढे केला. मी स्कूलात शिकवल्याप्रमाणे विचारलं, "काय होतंय?"

म्हातारा उठलाच! "डाक्टरलाच ठावं न्हाय, मलाच इचारतंय!" म्हणत तडक रस्त्यावर.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अण्णा म्हणाले, "आधी नाडी धर, मग काय इचारायचं ते इचार. हात धरलेला असला की माणूस पळत न्हाय!"

* * *

वडगावच्या एका विणकराची कंबर धरली होती. मी ऐटीत पंधरा दिवस विश्रांती लिहून दिली. त्याची बायको पदर तोंडाला लावून हसायला लागली. अण्णांनी मला तसंच त्याच्या घरी नेलं आणि म्हणाले, "बस मागाच्या खड्ड्यात."

अर्धा तास पाय खाली सोडून, वाकून बसलो. उठताना विणकरानेच हात दिला. मग मी नवा कागद घेतला आणि लिहिलं, 'वीतभर विणून झालं की उठून अंगणात एक फेरी.'

अण्णांनी तो वाचला आणि आधीचा कागद फाडून टाकला.

* * *

बाटलीवर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी कातरून खळीने चिकटवावी तर शिवलिंगनेच. उचगावच्या एका बाईंना त्याने नवऱ्यासाठी मिक्श्चर दिलं आणि बजावलं, "रोज तीन खुणा."

चार दिवसांनी बाई आल्या. बाटली गळ्यापर्यंत भरलेली आणि पट्टी गायब! "कागद संपला की हो. रोज तीन खुणा कातरून पाण्यातनं दिल्या. मालकास्नी लई आराम हाय. आता ह्या पाण्याचं काय करू?"

शिवलिंग पांढराफटक पडला. अण्णा गंभीरपणे म्हणाले, "शिवलिंग, तुझी खळ औषधापरीस भारी हाय रं!" दुसऱ्या दिवसापासून पहिला डोस दवाखान्यातच पाजायचा, असा नियम झाला.

* * *

वर्ष संपलं. शिवलिंग निघाला तेव्हा अण्णा दारापर्यंत गेले, त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "चालंल तुझं." मला त्याचा असा हेवा वाटला म्हणता!

आठवड्याने मी पाया पडलो. अण्णा कुणाची तरी जीभ बघत होते. "मोटार चुकंल, जा," एवढंच म्हणाले. निपाणीपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होतो. एक शब्द हवा होता हो मला, दुसरं काही नको होतं.

अण्णा जाऊनही आता खूप वर्षं झाली. अवघड पेशंट समोर असला की अजून वाटतं, मागून ते काहीतरी बोलतील.

* * *

बेळगावहून परतलो त्याच महिन्यात निपाणीत पाटी लागली, कपाट आलं, बाक आलं. पंधरा दिवस त्या बाकावर कुणी बसलं नाही. तंबाखूच्या वखारीतल्या बायका खोकत येत, दारातून डोकावत, आत कुणी नाही बघून जुन्या डॉक्टरांकडे जात. मी अण्णांना पत्र लिहिलं, 'बरं चाललंय.'

बाजाराच्या दिवशी पहिल्या मोटारीने अण्णा उतरले. स्वतःच्या तापातही दवाखाना बंद न ठेवणारा हा माणूस! अंगात कोट नाही, डोक्याला मफलर, हातात रिकामी बाटली. सरळ येऊन बाकावर बसले. मी धडपडत उठलो, तर त्यांनी डोळ्यांनीच मला खुर्चीत बसवलं.

थोड्या वेळाने वखारीतली एक बाई डोकावली. बाकावर माणूस दिसला, तशी आत येऊन टेकली. तिच्यामागून आणखी दोघी आल्या. मी खुर्चीतून हाक दिली, "या पुढे."

बाई म्हणाली, "नंबर तुमचा न्हवं, बाबा?"

"तुम्ही व्हा फुडं, आक्का," अण्णा म्हणाले. "मी थांबतो. ह्यो डाक्टर येळ लई घेतो, पण बरं करतो. मी बेळगावास्नं येतो ह्याच्याकडं!"